घोडीखालची जागा

डिसेंबरात मबूला चारलाच दिवा लावावा लागतो.
मोराग बीटन बुटांवरचा बर्फ दाराशी झटकून आत आली,
गिटारची पेटी टेबलावर ठेवली
आणि म्हणाली, "लॉकी, हिचं बदक झालंय."

खरंच होतं.
मांडीवर गिटार, वायर लावली की बदक.
वीस वर्षांपूर्वी मीच बसवलेला पिकअप,
घोडीवरच्या हाडाच्या पट्टीखाली दाबलेला,
आगकाडीहून बारीक.
तेव्हा तोच मिळायचा, तोच परवडायचा.
शिवाय दुसरी तार
भरल्या घरातल्या मधल्या मुलीसारखी,
बोलायची, पण कुणाला ऐकू जायची नाही.
म्हणून त्या बाजूने मी कधीतरी
हेरिंगच्या डब्याचं लेबल घडी करून सारलं होतं.
आज ते काढलं. अजून वास येत होता,
किंवा मला तसं वाटलं.

तारा सैल केल्या. हळूहळू.
इतकी वर्षं ओढ सोसलेली मान
एकदम मोकळी केली तर बिचकते.

मग हात आत.
आरसा आहे माझ्याकडे, दातांच्या डॉक्टरचा,
पण तो डाव्याला उजवं म्हणतो.
माझा चुलता अडलेल्या गाईचं वासरू फिरवायचा
तेव्हा खिडकीबाहेर बघत राहायचा,
जणू त्या हाताशी आपला काही संबंध नाही.
मीही तसाच समुद्राकडे बघतो.
बोटं फळीच्या पोटातल्या कण्या मोजतात,
एक, दोन, इथे जुना सरस, इथे धूळ.

नवी चकती नाण्याएवढी.
आधी नुसती मेणाने चिकटवायची.
"वाजव."
खर्ज गढूळ.
दोन बोटं सरकवली. "वाजव."
आता काच.
अर्धं बोट मागे,
आणि खोलीत अचानक लाकूड आलं.
मोराग काहीच बोलली नाही. मान हलवली फक्त.

तेवढ्यात टकटक.
तारा गप्प, तरी टकटक.
वायर सुटली असेल. टेप लावली.
बॅटरी हलत असेल. फोममध्ये गुंडाळली.
कणी निखळली असेल म्हणून नखाने वाजवून पाहिलं,
सगळ्या धडधाकट.
टकटक चालूच,
ना तालात, ना तालाबाहेर.

मग दिसलं.
फळीवर टेकलेली तिची करंगळी.

मी काही विचारलं नाही.
बॅटरीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.
"ईस्टरपासून," ती म्हणाली.

जुना पिकअप फक्त तारांचं ऐकायचा.
हा सगळंच ऐकतो,
स्वेटरचं बटण, श्वास,
आपण झाकून ठेवलेलं बोट.

"शनिवारी हॉलमध्ये चाळीस जण पाय आपटतात," मी म्हणालो,
"कुणाला कळणार नाही."
"हेक्टरला कळेल. फिडल घेऊन माझ्या शेजारीच बसतो.
भाऊ असला तरी कान शाबूत आहेत त्याचे."
"मग बदक परत घालू?"

ती बराच वेळ दिव्याकडे बघत राहिली.
"नको," म्हणाली.
"त्याला सांगायचंच आहे.
तोंडाने जमत नाहीये."

सरस लावला. एकदा चिकटलं की ते हलत नाही.
मिनिटभर आतून चकती दाबून धरायची,
आणि वरून तिने गिटार धरली होती,
त्यामुळे ते मिनिट
माझ्या बोटांच्या टोकांवर वाजत राहिलं.

"आवाज फार वाढवू नकोस," मी म्हणालो, "शीळ घालेल."
बिल पेन्सिलीने लिहिलं, तिने घासाघीस केली,
मी पाच डॉलर कमी केले.
जाताना तिने ती लेबलची घडी मागून घेतली.
स्वयंपाकघरातलं टेबल, म्हणाली,
एका पायावर डगमगतंय.